वजनकाट्यावरची कुस्ती

कसबा बावडा आणि कुस्तीचे नाते जुने. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला आणि कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले तेही त्यांच्याच पुढाकाराने. पुढे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकायला आले आणि याच कोल्हापुरातून ऑलिम्पिकला गेले.

१९४८ साली लंडनला खाशाबा ५२ किलो गटात उतरले. वय बावीस. मातीवर वाढलेल्या या मल्लाला मॅटची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नव्हती, तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. या वेळी गट होता ५७ किलोचा. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

त्या दिवशीचा एक प्रसंग कोल्हापुरात आजही सांगतात. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. नियमाप्रमाणे मिळायची अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली नाही आणि त्यांच्या बाजूने भांडायला भारतीय अधिकारी तिथे नव्हता. हा अर्धा तास म्हणजे लाड नव्हे. जोरदार झटापटीत स्नायूंमध्ये आम्लता वाढते, रक्तात लॅक्टेट साचते, हातापायांत गोळे येतात. ते निवळायला साधारण तेवढाच वेळ लागतो. दमलेल्या स्नायूला जिद्दीने थोडा वेळ ओढता येते, पण त्याचे रसायन जिद्दीने बदलत नाही. पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे खाशाबांना १९५६ चे मेलबर्न ऑलिम्पिक हुकले.

याच ५७ किलो गटात, ७२ वर्षांनी, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमन सेहरावतने कांस्यपदक जिंकले. उपांत्य कुस्तीनंतर त्याचे वजन साडेएकसष्ट किलो भरले होते. दुसऱ्या दिवशीच्या वजनाआधी साधारण दहा तासांत त्याने ४.६ किलो उतरवले, म्हणजे शरीराच्या साडेसात टक्के. त्याच स्पर्धेत विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली.

दहा तासांत चरबी उतरत नाही. उतरते ते पाणी. शरीरातले पाणी दोन टक्के घटले तरी दम कमी पडू लागतो. त्यापुढे रक्त आटते, तेवढेच काम करायला हृदयाला जास्त वेगाने धावावे लागते, घाम कमी होतो आणि शरीर आतून तापते. पोटॅशियम, सोडियम यांसारख्या क्षारांचे गणित बिघडले की हृदयाची लय चुकू शकते. मूत्रपिंडांवर ताण येतो तो वेगळाच. ऑलिम्पिकच्या मल्लामागे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ रात्रभर जागे असतात. तालमीतल्या सोळा वर्षांच्या पोरामागे बहुधा कोणीच नसते.

अमेरिकेने याची किंमत मोजली आहे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेमतेम महिनाभरात, तेथील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना मरण पावले. त्यांनी अन्नपाणी तोडले होते आणि घाम काढण्यासाठी हवाबंद कपडे घालून गरम खोलीत व्यायाम केला होता. त्यानंतर तेथे असे कपडे आणि बाष्पस्नान यांवर बंदी आली, वजन लढतीच्या अगदी आधी घेतले जाऊ लागले आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवायचे नाही, असे ठरले.

आपल्याकडे हा प्रश्न मॅटबरोबर आला. मैदानातली कुस्ती जोड पाहून लावतात, तिथे काट्याला फारसे काम नसते. पण शालेय स्पर्धेपासून राष्ट्रीय निवडीपर्यंत सगळीकडे आता गट आहेत. 'खालच्या गटात गेलास तर पदक नक्की' असे कोणीतरी सांगते, आणि पोरगा स्पर्धेच्या दोन दिवस आधी पाणी सोडतो, प्लास्टिकचा कोट घालून उन्हात पळतो, कधी लघवीच्या गोळ्याही घेतो. या गोळ्या उत्तेजकविरोधी नियमांनुसार बंदी असलेल्या यादीत आहेत. म्हणजे जीव धोक्यात आणि पदकही.

वजनानंतर गटागटा पाणी प्यायले की सगळे भरून निघते, हाही गैरसमज आहे. रक्तातले पाणी लवकर सावरते. स्नायूंमधला साठा पुरता भरायला एक दिवस किंवा अधिक लागतो. लढत त्याआधीच होऊन जाते.

वस्ताद आणि पालकांनी काही गोष्टी पाळाव्यात. वाढीच्या वयातल्या मुलाचे वजन स्पर्धेसाठी उतरवू नये. शरीर वाढले की गटही वाढू द्यावा. मोठ्या मल्लाने वजन उतरवायचेच असेल तर हंगामाच्या सुरुवातीपासून, आठवड्याला दीड टक्क्याच्या आत उतरवावे. साठ किलोच्या मल्लाला हे प्रमाण सुमारे नऊशे ग्रॅम पडते. तेही खुराकातले तूप, गोड कमी करून, पाणी तोडून नव्हे. लघवी गडद पिवळी किंवा तांबूस झाली, चक्कर आली, छातीत धडधडले, पायांत गोळे आले, बोलणे असंबद्ध झाले, तर व्यायाम तिथेच थांबवावा, सावलीत नेऊन अंग गार करावे आणि रुग्णालय गाठावे. स्पर्धा किती वाजता आहे, हा विचार त्या वेळी करू नये.

लंडन ते हेलसिंकी या चार वर्षांत खाशाबा एक गट वर गेले आणि पदक वरच्या गटात मिळाले. काट्याजवळ उभ्या असलेल्या पोराला वस्तादाने एवढे तरी जरूर सांगावे.