गोदीतले चोर आणि वर्दीतले डिटेक्टिव्ह

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौज फ्रान्समध्ये उतरली आणि जर्मनांच्या आधी गाठ पडली ती चोरांशी! लष्करी माल इतका गायब होऊ लागला की स्कॉटलंड यार्डचे जॉर्ज हॅथरिल यांना चौकशीला धाडावं लागलं. नुसता पहारा पुरणार नव्हता, माग काढणारी माणसं हवी होती. म्हणून १९४० मध्ये लंडन पोलिसांतलेच डिटेक्टिव्ह घेऊन लष्करी पोलिसांची विशेष तपास शाखा उभी राहिली.

पण खरा मसाला इटलीतल्या नेपल्सचा. १९४४ मध्ये अमेरिकन लष्कराच्या तपास शाखेतला ऑरेंज डिकी हा तरुण सार्जंट काळ्याबाजाराच्या मागावर होता. चोरांची रीत बिनधास्त: लष्कराचेच ट्रक पळवायचे, गोदीतून पीठ-साखर भरायची, जवळच्या नोला गावापाशी उतरवायची आणि ट्रक पेटवून द्यायचे. लष्करी ट्रकचा संशय कोण घेणार? सूत्रधार निघाला न्यूयॉर्कचा माफिया व्हिटो जेनोव्हीज, आणि हा गडी अमेरिकनांच्याच लष्करी प्रशासनाचा दुभाषा! ऑगस्टमध्ये डिकीने त्याला उचललं. काळ्याबाजाराचा खटला मात्र उभाच राहिला नाही. एका जुन्या खुनाच्या आरोपाखाली त्याला अमेरिकेला नेलं. पण त्याआधीच तिथे एक महत्त्वाचा साक्षीदार कोठडीतच विषबाधेने मेला होता, आणि १९४६ मध्ये जेनोव्हीज सुटला.