रानवाट मोकळी करणारा कोयता

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या पायवाटा दिसेनाशा होतात. कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा ते पावनखिंड या वाटेचेच उदाहरण घ्या. इ. स. १६६० मध्ये शिवाजी महाराज याच मुलुखातून विशाळगडाकडे गेले. या भागात करवंदाच्या जाळ्या, कारवीचे रान आणि पुरुषभर उंचीचे गवत माजते. अशा वेळी वाटेचा माहितगार हातात कोयता घेऊन पुढे चालतो. उसाच्या फडातही हेच हत्यार असते. तेथे तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. या साध्या हत्यारामागे कोणते विज्ञान आहे, ते पाहू.

धार आणि दाब

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल. समजा, फांदीवर ३०० न्यूटन बल पडले आणि ३० मिलिमीटर लांबीची धार फांदीला टेकली. धारेची जाडी ०.१ मिलिमीटर असेल, तर क्षेत्रफळ ३ चौरस मिलिमीटर भरते आणि दाब प्रत्येक चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन होतो. धार बोथट होऊन ०.५ मिलिमीटर झाली, तर तोच दाब २० न्यूटनांवर येतो. मग माणूस जास्त जोर लावतो, घाव निसटतो आणि इजा होते. म्हणून बोथट कोयता धारदार कोयत्यापेक्षा अधिक धोक्याचा!

वजन की वेग?

गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोयत्याचे वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते; वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. वेगाचा दुसराही फायदा आहे. हळू घाव घातला तर गवताची काडी नुसती वाकते. वेगाने घातला, तर जडत्वामुळे तिला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही आणि ती कापली जाते. म्हणूनच संथ चालणाऱ्या विळ्याने कापताना गवताची मूठ डाव्या हाताने धरावी लागते.

तिरका घाव

लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीला समांतर असतात. आडव्या घावात ते सगळे तोडावे लागतात. तिरक्या घावात पाते काही अंशी तंतूंमधून शिरते आणि काम हलके होते. मात्र तिरका कापलेला खुंट भाल्यासारखा टोकदार राहतो. वाटेवर पडणाऱ्याला तो भोसकू शकतो. म्हणून खुंट जमिनीलगत छाटावा.

हाताला झिणझिण्या का येतात?

एक प्रयोग करा. ९० सेंटिमीटर लांबीची सरळ काठी वरच्या टोकाशी दोन बोटांत सैल धरून लोंबती ठेवा. दुसऱ्या काठीने तिच्यावर निरनिराळ्या ठिकाणी हलकेच टिचक्या मारा. वरून सुमारे ६० सेंटिमीटरवर मारल्यास बोटांना हिसका जवळजवळ बसत नाही. या बिंदूला आघातकेंद्र म्हणतात. कोयत्याचे वजन पुढच्या भागात जास्त असल्याने त्याचे आघातकेंद्रही टोकाकडे सरकते. सरावलेला माणूस नेमका त्याच भागाने घाव घालतो. त्यामुळे हात कमी दमतो.

लोहाराचे पाणी

कोयता पुष्कळदा मोटारीच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादाचा असतो. लोहार धार लालभडक तापवून एकदम थंड करतो. यालाच 'पाणी देणे' म्हणतात. त्यामुळे पोलाद कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. पाणी जास्त झाले तर धारेचे तुकडे उडतात, कमी झाले तर धार वळते.

हे विसरू नका

कोयता मोठ्यांच्या देखरेखीशिवाय हाताळू नये. चालवणाऱ्यापासून इतरांनी किमान ३ मीटर दूर राहावे. घावाची दिशा स्वतःच्या पायाकडे कधीही नसावी. चालताना पाते म्यानात किंवा जाड कापडात गुंडाळलेले असावे. दुसऱ्याला देताना कोयता हातात न देता जमिनीवर ठेवावा.

आणखी एक गोष्ट. राधानगरीसारख्या अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. तेथे परवानगीवाचून एक फांदीही तोडता येत नाही. कारवीला फुलायला साधारण सात वर्षे लागतात. तोडायला एक क्षण पुरतो. तेव्हा वाट एक माणूस जाईल एवढीच रुंद करावी.