ज्युनियर डिझायनरचा पाडव्याआधीचा एक दिवस

सकाळी 8.15
डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून लोअर परळ. गर्दीत उभ्यानेच ग्रुपवरचे मेसेज वाचते. काल रात्री पाठवलेल्या जाहिरातीत बिल्डरने बदल सुचवलेत. पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. घरं, गाड्या, सोनं यांच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रं भरून जातात. जाहिरात एजन्सीत हा आठवडा सगळ्यांनाच जड जातो.

10.00
क्लायंट म्हणजे बिल्डर आमच्या सर्व्हिसिंग टीमशी बोलला, ती टीम क्रिएटिव्ह डायरेक्टरशी, आणि त्यांच्याकडून माझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच: "सणाचा फील कमी पडतोय, प्रीमियम दिसायला हवं." घरं कोणासाठी आहेत, घेणाऱ्याला काळजी कशाची वाटते, हे मी विचारते. "ते नंतर बघू, तू आधी लेआउट लाव गं."

11.30
मुख्य डिझाइनवरून बाकीची मापं. वर्तमानपत्राचं पूर्ण पान साधारण 33 बाय 50 सेंटिमीटर, मोबाइलवरची स्टोरी 1080 बाय 1920 पिक्सेल, होर्डिंग 40 बाय 20 फूट. आडवं चित्र उभ्या चौकटीत आणताना वाचणाऱ्याची नजर आधी कुठे जाईल, इथपासून सगळं नव्याने ठरवावं लागतं. इतका विचार लागणाऱ्या कामाला इथे नुसतं 'साइझेस' म्हणतात.

दुपारी 2.00
डबा जागेवरच.

4.00
सीनियर मंडळी क्लायंटकडे जातात. डिझाइन माझं, पण मला नेत नाहीत. साडेपाचला निरोप येतो: लाल रंग आणखी गडद, त्यावर बारीक पांढरी अक्षरं. मोबाइलवर हे सुंदर दिसतं. वर्तमानपत्राचा कागद मात्र शाई शोषून घेतो; चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज साधारण 240च्या वर गेली, तर रंग मळकट होतो आणि पांढरी अक्षरं बुजतात. मीटिंगमध्ये हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. आता "क्लायंटने ओके केलंय" या उत्तरापुढे बोलायला जागा उरलेली नाही.

रात्री 8.30
शेवटची तपासणी माझ्याकडे. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत आहे ना? चार रंगांत असला आणि छपाईत एखादी प्लेट किंचित सरकली, तरी अक्षरं धूसर दिसतात. महारेरा क्रमांक, संकेतस्थळ, क्यूआर कोड आहे ना? 1 ऑगस्ट 2023 पासून गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत हा कोड सक्तीचा आहे. तो राहिला तर बिल्डरला दंड होतो. चुकीची जबाबदारी ज्युनियरवर निःशंकपणे टाकली जाते. निर्णयात मात्र त्याला जागा नसते.

10.15
फाइल वर्तमानपत्राकडे गेली. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दराने मोबदला सांगितला आहे. आमच्याकडे उशिरापर्यंत थांबण्याला 'शिकणं' म्हणतात.

शिकायला मी तयार आहे, आणि पाडव्याच्या आठवड्यात रात्र होणार हेही मान्य आहे. पण क्लायंटने नेमकं काय विचारलं आणि त्याला काय उत्तर दिलं, हे ऐकल्याशिवाय या धंद्यातलं काहीच शिकता येत नाही. सीनियर मंडळींना एवढीच विनंती: पुढच्या मीटिंगला जाताना, ज्याने ते पान केलं आहे त्याला सोबत घेऊन जा.