पाव टनापासून आठशे किलोपर्यंत

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची लष्करी ओळख ‘पाव टनी ट्रक’ अशी होती. पाव टन म्हणजे अमेरिकी मापाने 500 पौंड, आपले सव्वादोनशे किलो. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत ही जीप जोडायला घेतली. पुढे तिची लांबवलेली भावंडं विदर्भात काळी-पिवळी टॅक्सी होऊन धावू लागली, तोवर वजनाचा हिशेब कधीच मागे पडला होता. उमरेड असो की काटोल, आत दाटीवाटीने माणसं, मागच्या फळीवर लटकलेली माणसं आणि टपावर पोती. गाडी मागून बसली, की कमानीत (लीफ स्प्रिंगमध्ये) एक पाटा वाढवायचा. ट्रकवाल्यांनी रुळवलेला हा उपाय नागपूर भागात जीपवाल्यांनीही उचलला.

डिसेंबर 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली. वजन जेमतेम टनाच्या आसपास, पुढे-मागे अखंड एक्सल आणि चारही चाकांवर कमान पाटे. पेट्रोल इंजिनाचा आवाज कमी, त्यामुळे जंगलाला ती मानवली. 1996 मध्ये 1300 सीसीची ‘जिप्सी किंग’ आली. ताडोबा, पेंच, मग 2012 मध्ये अभयारण्य झालेलं उमरेड-पवनी-कऱ्हांडला. नागपूरभोवतीच्या जंगलांत पर्यटन वाढलं तसं जिप्सीचं छत उतरलं आणि मागे चढत्या बाकांची रांग लागली. सहा पर्यटक, एक मार्गदर्शक, एक चालक. माणशी 65 किलो धरले तरी 520 किलो होतात. शिवाय बाकांचं लोखंड वेगळं. म्हणजे गाडी स्वतःच्या निम्म्याहून जास्त वजन पाठीवर घेऊन मुरमाच्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ फिरते.

इथे मिस्त्रीचा हात लगेच पाट्याकडे जातो आणि तिथेच खरी गोम आहे. त्याच जाडीचा पाटा वाढवला तर कमानीचा ताठपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. पण पाट्याची जाडी वाढवली तर ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 6 मिलिमीटरऐवजी 7 मिलिमीटरचे पाटे भरले, की कमान सुमारे 60 टक्के अधिक ताठ होते. भरलेली गाडी मग छान उभी राहते, पण पर्यटक उतरवून परतणारी रिकामी गाडी प्रत्येक खळगीवर उडते. ताठ कमान उसळीही जोरात मारते आणि ती आवरायला जुने शॉकअप पुरे पडत नाहीत. पाटे बदलून शॉकअप तेच ठेवणं म्हणजे निम्मं काम, आणि वर्षानुवर्षं बहुतेकांनी हे निम्मंच काम केलं, असं माझं मत आहे.

कमान चासीला जोडणारी शॅकल लांब करून गाडी उचलण्याचा प्रकार तर त्याहून फसवा. उंची मिळते, क्षमता तसूभरही वाढत नाही. पुढच्या एक्सलचा कोन मात्र बिघडतो आणि गाडी सरळ रेषेत धरायला त्रास होतो. चढत्या बाकांनी वजन आधीच वर नेलेलं असतं. शेवटचा बाक मागच्या एक्सलच्याही मागे गेला, तर त्यावरचा भार पुढची चाकं हलकी करतो. ब्रेक, बेअरिंग, टायर आणि चासी मात्र कारखान्यातून आली तशीच राहतात. कमानीने न शोषलेला धक्का शेवटी चासीच्या सांध्यांना बसतो.

लष्कराने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. जिप्सी त्यांच्याकडे 500 किलोच्या वर्गातली. गरज वाढल्यावर त्यांनी तिच्यात पाटे कोंबत बसण्याऐवजी 800 किलोचा नवा वर्गच ठरवला आणि 2017 मध्ये टाटांकडे 3192 सफारी स्टॉर्म मागवल्या. त्या गाडीला चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग आहेत. (जिप्सीचं प्रेम तरी सुटलं नाही, 2020 मध्येही लष्कराने जिप्सी घेतल्याच.)

जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार घेत, उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं बजावलं. रुंद टायर आणि उंच केलेल्या गाड्या मिरवणाऱ्या हौशी मंडळींना तेव्हा चांगलाच घाम फुटला. कमानीत सरकवलेला एखादा पाटा मात्र रस्त्यावरून कुणाला दिसत नाही. त्याच वर्षी सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे जिप्सीची सर्वसामान्यांसाठीची विक्रीही थांबली.

जून 2023 मध्ये मारुतीची पाच दरवाजांची जिम्नी बाजारात आली. एक्सल अखंडच, पण पाट्यांच्या जागी कॉइल. खडबडीत वाटेवर ती जिप्सीपेक्षा कितीतरी मऊ चालते. अडचण एकच, ती चार आसनी आहे. सहा पर्यटकांवर बेतलेला जंगल सफारीचा हिशेब तिच्यात बसत नाही. त्यामुळे आहे त्या जिप्सी टिकवायच्या असतील, तर पाटा वाढवण्याआधी भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी. आधी पूर्ण गाडीचं आणि मग फक्त मागच्या एक्सलचं वजन घ्यावं. कोळसा आणि संत्र्यांच्या या मुलखात वजनकाट्यांची वानवा नाही.