शहराचा गाळ आपल्या उसाला चालेल काय?

२०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिक महापालिकेने सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे वाढवण्याचे आणि जुनी सुधारण्याचे काम हाती घेतले. तपोवनची क्षमता रोज १३० दशलक्ष लिटरची, आगरटाकळीची ११० ची. शहराच्या कामाशी ऊसवाल्याचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध सरळ आहे. नाशिकचे पाणी गोदेतून नांदूर मध्यमेश्वरला येते, तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी खाली कोपरगाव-राहात्यापर्यंत उसाच्या सरीत उतरते. आणि पाण्याच्या मागोमाग आता गाळही शेताकडे येऊ पाहतो आहे. म्हणून हा लेख.

पाणी शुद्ध झाले म्हणजे घाण नाहीशी झाली, असे नव्हे. ती पाण्यातून निघून गाळात गेली, एवढेच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली नवे कडक निकष घालून दिले. जुनी केंद्रे लिटरमागे ३० मिलिग्रॅम बीओडीच्या हिशेबाने बांधलेली, नव्या निकषात तो आकडा १० वर आला. पाणी जितके स्वच्छ करावे तितका गाळ जास्त निघणार, हे ओघानेच आले.

हा गाळ म्हणजे बहुतांशी पाणीच. ताज्या गाळाच्या शंभर किलोत घन भाग जेमतेम दोन किलो असतो, बाकी अठ्ठ्याण्णव किलो पाणी. तेच पाणी पिळून, वाळवून ऐंशी टक्क्यांवर आणले, तर शंभर किलोचे दहाच किलो उरतात. आपल्या कारखान्यात रस आटवून पाक करताना जो हिशेब, तोच इथे. फरक इतकाच की आपल्याला पाक हवा असतो आणि महापालिकेला हे ओझे नको असते!

वाळवण्याआधी गाळ कुजवला तर दुहेरी फायदा. गोबरगॅसची टाकी ज्यांच्या दारात आहे त्यांना सांगायला नको. हवाबंद टाकीत, अंगाच्या उबेइतक्या उष्णतेत, वीस-पंचवीस दिवस गाळ राहिला की त्यातला बराचसा सेंद्रिय भाग वायू होऊन निघतो. त्या वायूवर इंजिन चालते, गाळ कमी होतो आणि वासही मरतो. नाशिकजवळ विल्होळीला २०१७ साली जर्मन सरकारच्या मदतीने असाच प्रकल्प उभा राहिला. संडासाच्या टाक्यांतला मैला आणि हॉटेलांतले उरलेसुरले अन्न एकत्र कुजवून वीज करायची, रोज तीस टनांपर्यंत, अशी ती योजना. नुसता मैला कुजायला मंद, अन्नाची जोड दिली की वायू चांगला सुटतो.

आता मूळ प्रश्न. हा गाळ शेतात टाकावा काय? नत्र आणि स्फुरद त्यात असते, हे खरे. पालाश मात्र पाण्याबरोबर वाहून गेलेला असतो आणि उसाला तर पालाशची भूक मोठी. म्हणजे फुकट मिळाला तरी खताच्या पोत्याची बचत वाटते तेवढी नाही.

खरी धास्ती वेगळीच. आपली मळी, म्हणजे प्रेसमड, शंभर टन उसामागे तीन-चार टन निघते. ती उसातूनच आलेली, तिच्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक. शहराच्या गटारात मात्र कोण काय सोडतो, याचा भरवसा नाही. सातपूर-अंबडसारख्या वसाहतींत धातूला मुलामा देणारे कारखाने आहेत. क्रोमियम, निकेल गटारात उतरले तर ते कुजत नाहीत, गाळात जाऊन बसतात. एकदा जमिनीत गेले की नांगरून, पाणी देऊन निघत नाहीत. आणि आपण काही जन्मभर ऊसच लावत नाही. आज ऊस, उद्या कांदा, परवा मेथी.

खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा दिल्या आहेत: किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसे १००. तेव्हा ट्रॉली बांधावर आली की आधी प्रयोगशाळेचा दाखला मागावा, तोही त्याच ढिगाचा, मागल्या वर्षीचा नव्हे. दुसरे, जंतांची अंडी. नुसत्या वाळवणीने ती हमखास मरत नाहीत. ढीग ५५ अंशांच्या वर काही दिवस तापला पाहिजे आणि उलथापालथ करून सगळा तापला पाहिजे. आमचे मत विचाराल तर हा दाखला हाती येईपर्यंत आपली मळीच बरी.

राहिले पेठेकडचे गाव-पाडे. त्यांचे बहुतेक पाणी दमणगंगा-पार नद्यांनी पश्चिमेला गुजरातकडे जाते, गोदेत नाही. पेठला २०१५ साली नगरपंचायत झाली, पण एवढ्या लहान गावाला नाशिकसारखी भुयारी गटार परवडणे कठीण. तिथे सेप्टिक टाक्याच खऱ्या. वाई आणि सिन्नरच्या नगरपरिषदांनी टाकी तुंबायची वाट न पाहता ठराविक वर्षांनी ती उपसून द्यायची पद्धत घातली. ती पेठला जमण्याजोगी आहे. मात्र गाळ वाळवायचे वाफे सिन्नरसारखे उघडे ठेवून चालणार नाहीत. पेठचा पाऊस सिन्नरच्या कितीतरी पट. जूनपासून चार महिने वाफ्यात गाळाऐवजी तळेच दिसेल. तिथे वाफ्यांवर उजेड आत घेणारे पत्रे टाकावे लागतील, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवून. त्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरायला हवा.