खाद्यपदार्थांतील कृत्रिम रंग व कृत्रिम गोडी : त्यांच्या उच्चाटनातील अडचणी

अमेरिकेतील ‘जनरल मिल्स’ या कंपनीने 2015 च्या जूनमध्ये आपल्या न्याहारीच्या सर्व धान्यपदार्थांतून कृत्रिम रंग काढून टाकण्याचा संकल्प जाहीर केला. त्यानुसार ‘ट्रिक्स’ नावाचा, मुलांना विशेष प्रिय असलेला पदार्थ 2016 च्या आरंभी नव्या रूपात बाजारात आला. हळद आणि फळे-भाज्यांचे रस यांनी तो रंगविलेला होता. परंतु त्यातील निळा व हिरवा हे दोन रंग मुळीच नव्हते, कारण त्यांची जागा घेणारे समाधानकारक नैसर्गिक द्रव्य कंपनीस त्या वेळी सापडले नव्हते. ग्राहकांनी या फिकट पदार्थाविषयी इतक्या तक्रारी केल्या की 2017 च्या ऑक्टोबरमध्ये जुना, कृत्रिम रंगांचा ‘ट्रिक्स’ पुन्हा विक्रीस ठेवावा लागला. घटना क्षुल्लक वाटते. तथापि खाद्यपदार्थांतून एखादे द्रव्य काढून टाकणे म्हणजे घटकांच्या यादीतील एक ओळ खोडणे नव्हे, हे तिच्यावरून चांगले दिसून येते.

प्रथम हे कृत्रिम रंग इतके रुजले कसे, ते पाहणे इष्ट होय. 1856 साली विल्यम पर्किन याने डांबरजन्य द्रव्यांपासून जांभळा रंग बनविला आणि त्यानंतरच्या अर्धशतकात वस्त्रोद्योगासाठी शेकडो रंग निर्माण झाले. त्यांतील काही निवडक रंग खाद्यपदार्थांत शिरले. टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइझीन, पाँसो 4 आर हे सर्व अझो वर्गातील रंग होत. दोन नायट्रोजन अणूंमधील द्विबंध आणि त्याच्या दोन्ही बाजूंची सुगंधी वलये यांमुळे हे रेणू दृश्य प्रकाशाचे तीव्र शोषण करतात, तर त्यांना जोडलेल्या सल्फोनिक गटांमुळे ते पाण्यात सहज विरघळतात. उष्णता, आम्लता व प्रकाश यांना ते पुष्कळसे दाद देत नाहीत. शिवाय ते स्वस्त आहेत, त्यांना चव वा वास नाही आणि किलोमागे काही मिलिग्रॅम एवढी अल्प मात्राही पुरते. हे सर्व गुण एकत्र असलेले रंगद्रव्य वनस्पतिसृष्टीत जवळजवळ नाहीच, आणि उच्चाटनाच्या अडचणीचे मूळ येथेच आहे.

कायद्याची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. अमेरिकेत 1958 साली खाद्यपूरक द्रव्यांसंबंधीच्या कायद्यात आणि 1960 साली रंगांसंबंधीच्या कायद्यात जे कलम आले, ते डिलेनी कलम या नावाने ओळखले जाते. मनुष्यात वा प्राण्यात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य खाद्यपदार्थांत वापरण्यास परवानगी देता येणार नाही, असा त्याचा आशय. मात्रेचा वा कारणयंत्रणेचा विचार करण्यास हे कलम जागाच ठेवीत नाही. सायक्लामेट हे 1937 साली सापडलेले गोड द्रव्य. सायक्लामेट व सॅकरीन यांचे दहास एक या प्रमाणातील मिश्रण दीर्घकाळ दिलेल्या उंदरांच्या मूत्राशयात अर्बुदे आढळली, आणि 1969 साली अमेरिकेने त्याच्यावरील बंदी घोषित केली. युरोपीय संघात ते आजही चालते. सॅकरीनवर 1977 साली अशीच बंदी येऊ घातली होती. परंतु मधुमेहींच्या व इतर ग्राहकांच्या विरोधामुळे संसदेने ती थोपविली आणि वेष्टनावरील इशाऱ्यावर भागविले. पुढे असे निष्पन्न झाले की उंदराच्या मूत्राच्या विशिष्ट घटनेमुळे त्यात स्फटिक तयार होतात व त्यांनी मूत्राशयाचे अस्तर दुखावते. मनुष्यात तसे घडत नाही. म्हणून 2000 साली तो इशाराही काढून टाकण्यात आला.

रंगांच्या बाबतीत अमॅरँथ या लाल रंगाची परवानगी 1976 साली रद्द झाली. (आपल्याकडील माठ व राजगिरा यांच्या इंग्रजी नावाशी या डांबरजन्य रंगाचे केवळ नामसादृश्य आहे.) या प्रकरणाची एक गंमत अशी की ‘एम अँड एम’ या चॉकलेट गोळ्यांत हा रंग कधीच वापरला जात नव्हता, तरीही लोकांच्या मनातील भीतीपोटी त्यांच्या उत्पादकांनी लाल गोळीच बंद केली व ती 1987 साली परत आणली. एरिथ्रोसिन या लाल रंगाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. मोठ्या मात्रेने नर उंदरांच्या अवटु ग्रंथीत अर्बुदे होतात म्हणून 1990 साली सौंदर्यप्रसाधनांतून त्याची हकालपट्टी झाली. खाद्यपदार्थांतील परवानगी मात्र 2025 च्या जानेवारीपर्यंत टिकली. ती रद्द करतानाही उंदरांतील ही संप्रेरकीय यंत्रणा मनुष्यात आढळत नाही असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्वतःच नमूद केले. ओठांना लावण्यास वर्ज्य आणि पोटात घेण्यास ग्राह्य, अशी ही पस्तीस वर्षांची विसंगती कोणत्याही प्रयोगशाळेने निर्माण केलेली नव्हती.

कर्करोगापेक्षा मुलांच्या वर्तनाचा प्रश्न अधिक निकटचा आहे. 2007 साली साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी तीन वर्षांच्या 153 व आठ-नऊ वर्षांच्या 144 मुलांवर एक प्रयोग केला. सोडियम बेंझोएट व काही अझो रंग घातलेले पेय आणि तसेच दिसणारे निरुपद्रवी पेय ही आळीपाळीने, कोणते कोणते हे कोणालाही न कळता दिली असता, पहिल्या प्रकाराने चंचलतेत अल्पशी वाढ आढळली. परिणाम सरासरीने लहान होता, सर्व मुलांत सारखा नव्हता आणि मिश्रणातील कोणत्या घटकाचा तो होता हेही सांगता येत नव्हते. तरीही 20 जुलै 2010 पासून युरोपीय संघाने सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या वर्तनाविषयीचा इशारा सक्तीचा केला, आणि इशारा छापण्यापेक्षा रंग बदललेला बरा असे बहुतेक उत्पादकांनी ठरविले. बंदीवाचून साधलेले हे उच्चाटन होय. ज्या द्रव्याने अन्नाचे पोषणमूल्य तिळमात्र वाढत नाही, त्याच्यासाठी अल्पसा धोका तरी का पत्करावा, हा युक्तिवाद येथे बिनतोड आहे. औषधाला वा परिरक्षकाला लावावयाचा लाभहानीचा तराजू रंगाला लावताच एक पारडे रिकामे राहते.

आता पर्यायांकडे वळावयाचे. हळदीतील कुर्कुमिन टार्ट्राझीनप्रमाणेच सुमारे 425 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास शोषण करते, म्हणून पिवळी छटा बरीच जुळते. परंतु ते पाण्यात विरघळत नाही, अल्कधर्मी माध्यमात लाल होते व विघटन पावते, आणि उन्हात उडते. हळदीचा डाग पडलेले वस्त्र उन्हात वाळत घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीस या गुणाचा उपयोग ठाऊक आहे. पारदर्शक बाटलीतील पेयात तोच गुण दोष ठरतो. शेंद्रीच्या बियांतील बिक्सिन व मिरचीतील कॅरोटिनॉइडे स्निग्ध पदार्थांत चांगली मिसळतात, मात्र ऑक्सिडीकरणाने फिकी पडतात. बीटमधील बेटानिन उष्णता सोशीत नाही. कोकम, जांभूळ, काळी गाजरे यांतील अँथोसायनिने आम्ल माध्यमात लाल राहतात. सामू वाढला की जांभळी व पुढे निळसर होतात. म्हणजे सरबताला जे चालेल ते केकला चालणार नाही. कोचिनिल किड्यापासून मिळणारा कार्मिन अत्यंत स्थायी असतो, परंतु शाकाहारी समाजास तो अग्राह्य आणि काही व्यक्तींत तीव्र अधिहर्षता उत्पन्न करणारा. नैसर्गिक म्हणून निर्धोक हे समीकरण येथेच कोसळते.

निळा रंग सर्वांत दुर्मिळ. स्पिरुलिना शैवालातील फायकोसायनिन हा प्रथिनबद्ध रंग असून सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या पुढे प्रथिनाची घडी उलगडते व निळेपणा जातो; तीव्र आम्लात तो साक्याच्या रूपाने खाली बसतो. ‘ट्रिक्स’सारखे पदार्थ उष्णतेत व दाबाखाली साच्यातून पिळून काढलेले असतात, तेथे त्याचा निभाव लागणे कठीण. गोकर्णीच्या फुलातील अँथोसायनिने त्या मानाने टिकाऊ आहेत, कारण त्यांच्या रेणूस जोडलेले अनेक अ‍ॅसिल गट मूळ वलयावर आच्छादनासारखे बसतात. लिंबू पिळताच मात्र निळ्याचा जांभळा होतो. 2025 च्या मे महिन्यात अमेरिकेने गोकर्णीच्या अर्काची व्याप्ती न्याहारीच्या धान्यपदार्थांपर्यंत वाढविली व गाल्डिएरिया या शैवालापासूनच्या निळ्या रंगास परवानगी दिली. त्यापूर्वी एप्रिलमध्ये खनिज तेलजन्य रंग 2026 अखेर हटविण्याचे आवाहन शासनाने उद्योगास केले होते. ‘जनरल मिल्स’ व ‘क्राफ्ट हाइन्झ’ यांनी 2027 अखेरची मुदत स्वीकारली.

‘क्राफ्ट’च्या चीज-मॅकरोनीचा अनुभव ‘ट्रिक्स’च्या नेमका उलट होता. टार्ट्राझीन व सनसेट यलो यांच्या जागी मिरची, शेंद्री व हळद घालून नवा पदार्थ 2015 च्या डिसेंबरमध्ये गाजावाजा न करता विकावयास काढला गेला आणि पाच कोटी खोकी खपल्यावर, 2016 च्या मार्चमध्ये, ही गोष्ट जाहिरातीने सांगण्यात आली. कोरडी भुकटी, स्निग्धांश, प्रकाश अडविणारे पुठ्ठ्याचे खोके आणि केवळ पिवळी-नारिंगी छटा, असा सर्व योग येथे जुळून आला होता. बदल झाला हे आधी न सांगण्याचाही त्यात काही वाटा असावा.

गोड द्रव्यांचे उच्चाटन याहून बिकट, कारण तेथे जागा रिकामी ठेवता येत नाही. रंगावाचून शेवई शेवईच राहते. गोडीवाचून सरबत सरबत राहत नाही. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे 200 पट गोड असते. ते काढून तेवढीच गोडी साखरेने आणावयाची तर एका बाटलीत कित्येक चमचे साखर परत येते, व मधुमेही ग्राहकाचा प्रश्न मूळपदावर जातो. ‘पेप्सी’ने 2015 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील डाएट पेयातून अ‍ॅस्पार्टेम काढले, पण त्याजागी साखर नव्हे, तर सुक्रालोज व अ‍ॅसेसल्फेम ही दोन कृत्रिम द्रव्येच आली. चव बदलली, खप घटला. 2016 साली अ‍ॅस्पार्टेमचे पेय जोडीला परत आले आणि 2018 साली तेच पुन्हा मुख्य झाले. 2023 च्या जुलैमध्ये कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘कदाचित कर्कजनक’ या वर्गात घातले, तर त्याच वेळी खाद्यपूरक द्रव्यांच्या तज्ज्ञसमितीने शरीरभाराच्या किलोमागे रोज 40 मिलिग्रॅम ही ग्राह्य मात्रा कायम ठेवली. पहिली संस्था धोका संभवतो का हे पाहते, दुसरी तो किती मात्रेने संभवतो हे. वृत्तपत्रांनी हा भेद क्वचितच स्पष्ट केला.

भारतात या प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. येथे आठ कृत्रिम रंग ठराविक पदार्थांत सामान्यतः किलोमागे 100 मिलिग्रॅमपर्यंत अनुज्ञात आहेत. खरा घोर आहे तो सूचीबाहेरच्या रंगांचा. 2024 च्या फेब्रुवारीत तमिळनाडूने म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, ती ऱ्होडामीन-बी या कापड रंगविण्याच्या द्रव्यामुळे. मार्चमध्ये कर्नाटकाने त्या मिठाईतील व गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांस मनाई केली. ज्या विक्रेत्याच्या मालावर वेष्टनच नसते, त्याच्यापुढे युरोपातील छापील इशाऱ्याचा उपाय चालत नाही. तेथे उच्चाटनाची सुरुवात ओळखण्यापासून करावी लागते. पदार्थाचा सौम्य आम्लातील अर्क पांढऱ्या लोकरीच्या धाग्यासह उकळला असता आम्लधर्मी कृत्रिम रंग धाग्यावर पक्का बसतो, व सौम्य अमोनियात तो पुन्हा सुटतो. ऱ्होडामीन-बी तर अतिनील दिव्याखाली नारिंगी प्रकाशाने चमकते. या परीक्षांना खर्च फारसा येत नाही. मात्र त्या करणारे प्रशिक्षित हात जत्रेच्या दिवशी, माल विकला जाण्यापूर्वी, तेथे उपस्थित असावे लागतात.