एका शकचिन्हाचा क्रमांक

जपानांत नवा सम्राट गादीवर आला कीं नवा शक सुरू होतो, आणि सरकारी कागदांवर वर्ष त्या शकाच्या नांवानें लिहितात. नांव दोन अक्षरांचें. पण तीं दोन्ही अक्षरें एकाच अक्षराच्या चौकोनांत बसविलेलें एक जोडचिन्हही छपाईंत रूढ आहे.

श्रोतेहो, संगणकाला आकृति कळत नाहीं. कळतो तो आंकडा. युनिकोड या जागतिक कोष्टकांत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. आपल्या 'क' चा क्रमांक २३२५. मेइजी, ताइशो, शोवा आणि हेइसेइ या शकांचीं चिन्हें १३१८२ पासून उलट क्रमानें १३१७९ पर्यंत ओळीनें बसलीं आहेत. पुढील शकाला १३१७८ शोभला असता. पण तेथें दुसरेंच चिन्ह येऊन बसलें होतें, आणि एकदां दिलेला क्रमांक कधींही परत घेत नाहींत.

सम्राट अकिहितो ३० एप्रिल २०१९ रोजीं पदत्याग करणार हें आधींच ठरलें होतें. म्हणून, बारशापूर्वीं पाळणा बांधावा त्याप्रमाणें, १३०५५ ही रिकामी जागा नांव ठाऊक नसतांनाच राखून ठेवण्यांत आली. १ एप्रिलला 'रेइवा' हें नांव जाहीर झालें. १ मेला शक सुरू झाला. आणि ७ मे रोजीं युनिकोडची १२.१ ही आवृत्ति निघाली. तींत भर पडली ती या एकाच चिन्हाची.

जागा आधीं राखतां आली. परंतु चिन्हाची आकृति, आणि 'हें चिन्ह म्हणजे अमुक दोन अक्षरें' ही नोंद, या दोन गोष्टी नांवासाठीं अडून होत्या. ती नोंद नसती, तर दप्तरांत 'रेइवा' शोधणाऱ्या यंत्राला जोडचिन्हानें लिहिलेलीं वर्षें सांपडलीं नसतीं.